मदत हवी आहे : विद्यापीठातील जुन्या व्याख्यानांच्या कॅसेटी जतन करण्याबाबत

नमस्कार.

माझे वडील कोल्हापुरात माध्यमिक शाळेत शिक्षक होते. शिवाजी विद्यापीठात आणि शहरातील व्याख्यानमालांत होणारी व्याख्याने ते नियमाने ऐकत, आणि ऐंशीच्या दशकात त्यांतील बरीचशी त्यांनी पुढच्या रांगेत बसून छोट्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केली. त्या कॅसेटींची पेटी आता माझ्याकडे आहे. विषय बहुतेक इथल्याच इतिहासाचे आहेत : निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा जाहीरनामा, 1920 ची माणगाव परिषद, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली आणि आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात असलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती.

अडचण अशी की फीत वाचावी म्हणून वडील प्रास्ताविक आणि पाहुण्यांची ओळख संपल्यावरच बटण दाबत, त्यामुळे नेमके वक्त्याचे नाव मुद्रित झालेले नाही. काही कॅसेटींवर केवळ विषय आणि साल लिहिलेले आहे. एकदोन ठिकाणी आभारप्रदर्शन शेवटी सापडते, पण त्यातही ‘आजचे वक्ते सर’ एवढाच उल्लेख येतो. व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरे मात्र पुष्कळ ठिकाणी पूर्ण आहेत आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची आहेत, कारण छापील लेखात वक्ता जे लिहीत नाही ते श्रोत्याने अडवल्यावर बोलून जातो.

मला या ध्वनिफितींच्या संगणकीय प्रती करून, शब्दांकनासह, अभ्यासकांना उपलब्ध करून द्यायच्या आहेत. यासाठी परवानगी कोणाकडे मागावी, विद्यापीठाकडे की वक्त्यांच्या वारसांकडे? ज्यांची नावे कळत नाहीत त्यांचे काय करावे? आणि जुन्या कॅसेटी वाजवताना कोणती काळजी घ्यावी? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपल्या प्रश्नातील कायद्याचा भाग आधी घेतो, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्कदार भाषण करणारा असतो. तो दुसऱ्या कोणाच्या वतीने बोलला असेल, तर हक्क त्या दुसऱ्याचा. वक्ता आयोजकांकडे नोकरीला असला किंवा भाषण त्यांच्याच सभागृहात झाले, एवढ्यावरून हक्क आयोजकांकडे जात नाही. म्हणजे आपल्याला सामान्यतः वक्त्यांकडे किंवा त्यांच्या वारसांकडेच जावे लागेल. हा हक्क वक्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे चालतो. शिवाय व्याख्याता हा कायद्याच्या लेखी ‘सादरकर्ता’ही आहे, त्या व्याख्येत नट, गायक, हातचलाखी करणारे आणि गारुडी यांच्याच पंक्तीला व्याख्यान देणारी व्यक्ती बसवलेली आहे, हे वाचून आमच्या विभागातील प्राध्यापक बराच वेळ गंभीर झाले होते. सादरकर्त्याचा हक्क 50 वर्षांचा असतो.

यातून एक व्यवहार्य वाट निघते. 2012 च्या दुरुस्तीनंतर, सार्वजनिक आणि नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत करून ठेवण्याची मुभा कायद्याने दिली आहे. म्हणून आपण प्रती स्वतः करून वाटण्याआधी मूळ कॅसेटी अशा ग्रंथालयाला देण्याचा विचार करावा, लेखी पोच घ्यावी आणि जाहीर प्रसारण परवानगी मिळालेल्या व्याख्यानांपुरतेच ठेवावे. प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांची नावे शब्दांकनात न देणे बरे.

निनावी वक्त्यांसाठी माझा उपाय जुन्या वर्तमानपत्रांचा आहे. साल आणि विषय माहीत असल्यावर ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात नाव सापडण्याची शक्यता बरीच असते. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनची संस्था आहे, तेव्हा अंकांच्या फायलींची चौकशी तिथे आधी करावी. विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय त्यानंतर. व्याख्यानाचा दिवस कळला पण त्या दिवसाच्या अंकात नाव मिळाले नाही, तर पुढच्या दोनतीन दिवसांचे अंकही पाहावेत, कारण व्याख्यानाचा वृत्तान्त उशिरा छापला जाई.

कॅसेटींबाबत थोडक्यात सांगतो. बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट मुळीच वाजवू नये, कारण बुरशी यंत्रातून दुसऱ्या कॅसेटींना लागते. फितीमागची नमद्याची छोटी गादी निघाली असेल तर आवाज दबका येतो. स्क्रूचे कवच असल्यास फीत दुसऱ्या कवचात बसवता येते. सी-120 च्या, म्हणजे दोन तासांच्या कॅसेटींच्या, फिती फार पातळ असतात, त्या पुढेमागे पळवू नयेत. प्रत वेव्ह या आवाजाची काटछाट न करणाऱ्या फाइलच्या स्वरूपात, किमान 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटवर घ्यावी. एमपीथ्री केवळ ऐकण्यापुरती. कॅसेटींवरील साल-विषयांची यादी आपण इथे टाकलीत, तर निदान इतिहासाच्या व्याख्यानांचे वक्ते ओळखायला आमच्यापैकी काही जण मदत करू शकतील.