मदत हवी आहे: घरचा टेंपे दिवसा माझ्यामागे तापतो, वेळ कशी जुळवावी?

५०० ग्रॅम सोयाबीनचा टेंपे (बुरशीने दाणे एकत्र विणून झालेली घट्ट वडी) लावतो. दाणे रात्रभर भिजवून, चोळून साली काढून ४५ मिनिटं उकळतो (कुकर नको, लगदा होतो). निथळून पंख्याखाली पूर्ण कोरडे, कोमट झाल्यावर २ मोठे चमचे व्हिनेगर, १ छोटा चमचा रायझोपसचं (टेंपेच्या बुरशीचं) विरजण. सुईने भोकं पाडलेल्या झिप पिशव्या, नुसता दिवा लावलेला बंद ओव्हन, ३१ अंश. संध्याकाळी ६ ला आत.

साधारण १४ तासांनी बुरशी स्वतःच तापायला लागते आणि नेमका तेव्हा मी व्यायाम आटोपून थेट ऑफिसात असतो. परतल्यावर वडीचा मध्य ३८ च्या वर, भोकांपाशी काळं. काळं म्हणजे बीजाणू, त्याची काळजी नाही; पण मधले दाणे सुटे राहतात, वास अमोनियाकडे झुकतो. टायमरने दिवा १२ तासांनी बंद केला, वडी ३ सेंमीवरून २ सेंमी केली, पिशव्या जाळीवर सुट्या ठेवल्या. फरक पडला, पुरेसा नाही.

व्यायाम सकाळी ६ ते ७:३०, ती वेळ हलणार नाही. डब्यातलं प्रोटीन यावरच चालतं, म्हणून फक्त सुट्टीच्या दिवशी लावणं जमणार नाही. नवं उपकरण घ्यायचं नाही. केळीची पानं मिळतात.

सुरुवातीपासून २७ अंशांवर ठेवलं तर वडी घट्ट विणली जाते का, किती तास लागतात, आणि तेवढ्या वेळात दुसरे जिवाणू शिरून दाणे चिकट होतात का?