टूर द्यू माँ ब्लाँ: उतारावर दुखणाऱ्या गुडघ्यासाठी मदत हवी आहे

पुढच्या उन्हाळ्यात मी आणि ताई टूर द्यू माँ ब्लाँ, म्हणजे माँ ब्लाँ पर्वताभोवतीची पायवाट, चालायचं ठरवतोय. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड मिळून साधारण 170 किमी. चढाची काळजी नाही, दम लागला की थांबता येतं. पण लांब उतारावर ताईचा उजवा गुडघा वाटीखाली ठणकतो. ती बोलत नाही, नुसती आडवी पावलं टाकत उतरते. ग्राँ कोल फेरे खिंड (2537 मी.) ते ला फुली गाव हा उतार 900 मीटरहून जास्त आहे. मधे ला प्यूलच्या डोंगरातल्या निवाऱ्यात मुक्काम केला तर फरक पडेल का? उतरताना काठ्या किती लांब ठेवता? नी-कॅपने खरंच आधार मिळतो का? बसने टप्पा गाळायला ती अजिबात तयार नाही, फार जुनं स्वप्न आहे तिचं. हा उतार केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.