मदत हवी आहे: रिअल टेनिसच्या जुन्या कोर्टाच्या भिंतीवरचा रंग कसा काढायचा?

नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये राहते. इथे आम्ही दहाबारा जण मिळून रिअल टेनिसचं एक बंद पडलेलं कोर्ट परत सुरू करायच्या मागे लागलोय. आपल्या माहितीतलं लॉन टेनिस ज्याच्यापासून आलं तो हा खेळ, फ्रेंचमध्ये ज्यू द पोम. आता जगात मिळून पन्नासच्या आसपास कोर्टं उरलीत, ती पण इंग्लंड-स्कॉटलंड, फ्रान्स, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातच, त्यामुळे एक जरी वाचलं तरी मोठी गोष्ट आहे.

आमच्या हॉलचं मधे जिम झालं होतं, मग नुसतं गोडाऊन. अडचण अशी की या खेळात इमारतच खेळते. तीन बाजूंना पडवीसारखं उतरतं छप्पर असतं (पेंटहाऊस म्हणतात), सर्व्हिस त्यावरून घरंगळत पलीकडे जायला लागते, आणि एका बाजूला भिंतीचा तिरका कोपरा पुढे आलेला असतो, त्याला टँबूर, त्यावर बॉल आपटला की कुठे वळेल ते नवख्याला कळतच नाही. आमचं पेंटहाऊस जिमवाल्यांनी उखडून टाकलंय, पण ते सुतार परत बांधू शकेल, जुन्या खाचा भिंतीत दिसतात. माझा जीव अडकलाय तो भिंतींमध्ये.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोसेफ बिकली नावाचा माणूस या कोर्टांना खास सिमेंटचा गिलावा करायचा, त्याला दमट हवेतही घाम फुटायचा नाही. भिंत ओली झाली की बॉल नीट उसळत नाही, सटकतो, म्हणून ते महत्त्वाचं. त्याचं मिश्रण त्याच्याबरोबरच गेलं असं सांगतात. आमच्याकडे तोच गिलावा असावा असा अंदाज आहे, पण वर ऑइलपेंट, त्यावर पांढरा प्लास्टिक इमल्शन असे चारपाच थर, खाली पोपडे निघतायत आणि वॉल बारचे बोल्ट ठोकल्याची भोकं वेगळीच. एका कॉन्ट्रॅक्टरने सरळ सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करून नवीन प्लॅस्टर मारू म्हणून सांगितलं. मला ते ऐकून रात्रभर झोप लागली नाही, एकदा गेलं की गेलंच ना ते! इमारत लिस्टेड (सरकारी वारसा यादीतली) आहे त्यामुळे परवानगीशिवाय काही करता येणार नाहीच, पण अर्जात काय मागायचं ते तरी आपल्याला कळायला हवं.

जुन्या इमारतींचं काम केलेलं कोणी आहे का इथे? थर कसे काढायचे, भोकं कशाने भरायची?

दुसरं, कोर्ट तयार होईपर्यंत मुलांना खेळ शिकवायचा कसा? 'चेस' नावाचा नियम समजावताना सगळे गडबडतात. बॉलचा दुसरा टप्पा पडला तरी पॉइंट लगेच जातोच असं नाही, टप्पा कुठे पडला ती जागा लक्षात ठेवतात, नंतर बाजू बदलल्यावर समोरच्याने त्याहून मागच्या भिंतीजवळ दुसरा टप्पा पाडून दाखवायचा. साध्या हॉलमध्ये खडूच्या रेघा मारून जमेल का?

लोक म्हणतात आता काय होणार, पण अमेरिकेतल्या न्यूपोर्टचं कोर्ट १९४५ च्या आगीनंतर १९८० मध्ये परत सुरू झालंच की.

प्रतिसाद: ताई, सँडब्लास्टिंग अजिबात करू देऊ नका, गिलाव्याची वरची घट्ट कातडी निघून जाते आणि मग भिंत पाणी पिते. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात हातभर तुकड्यावर सॅम्पल करा, प्रत्येक थर वेगळा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, टेस्ट केल्याशिवाय घासू नका. छताचं पाणी कुठे मुरतंय ते बघितलं का?

धागाकर्ती: उत्तरेकडच्या पन्हळीखाली ओल आहे, पोपडे पण तिथेच जास्त. म्हणजे आधी पन्हळ, मग सॅम्पल. शिशाचं तर डोक्यातच नव्हतं, खूप आभार. भोकं आणि खडूच्या रेघांबद्दल कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.