सीझनमध्ये हात रिकामे नसतात, पोस्ट आधीच लावून ठेवायच्या कशा?

माडाखालची (तोंडवळी, ता. मालवण), 9 जून

नमस्कार. तोंडवळीला समुद्राच्या कडेला आमचं घर आहे. त्यातल्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, जेवण मी आणि सासूबाई करतो. शिवाय आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ विकतो. नवरा होडीवर, त्यामुळे इन्स्टाग्राम, फेसबुक पेज आणि व्हॉट्सॲप हे तिन्ही माझ्याच गळ्यात.

अडचण अशी की, एप्रिल-मेमध्ये दाखवण्यासारखं सगळ्यात जास्त असतं आणि नेमका तेव्हाच मला श्वास घ्यायला वेळ नसतो. यंदा मेमध्ये एका संध्याकाळी पडवीत कोकमं फोडत बसले होते. हात मनगटापर्यंत लाल. एका परातीत साली, दुसरीत गर, आणि तिरपं ऊन नेमकं सालींवर आलेलं. पुतण्याला हाक मारून फोटो काढून घेतला, कारण त्या हातांनी मी फोन उचलणार कसा? मग पाहुण्यांची जेवणं, भांडी, सकाळच्या घावण्यांचं पीठ. सगळं आवरून फोन हातात घेतला तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि रेंज गेली होती. तो फोटो पाच दिवसांनी टाकला. तोवर सालींना रसाचं चौथं पूट देऊन झालं होतं आणि अर्धी आमसुलं बरणीत गेली होती. फार जीव हळहळला.

आता पाऊस लागलाय. पाहुणे नाहीत, वेळ आहे, फोनमध्ये तीनशेच्या वर फोटो पडून आहेत. लाईट मात्र कधीकधी दोन-दोन दिवस नसते. मे महिन्यात घाईघाईत पोस्ट आधी लावून ठेवायचं एक टूल घेऊन बघितलं होतं, त्याने रात्री 9 ची पोस्ट पहाटे अडीचला टाकली! तेव्हापासून धास्ती बसली आहे.

तर विचारायचं हे: तुम्ही काय वापरता? पैसे भरावे लागतात का? ठरलेल्या वेळी माझ्याकडे लाईट किंवा रेंज नसेल तर पोस्ट जाते का? व्हॉट्सॲप स्टेटस असं आधी लावता येतं का? आणि आधी लावलेल्या पोस्ट लोकांना कमी दिसतात, हे खरं का?

भाट्याकाठचा (रत्नागिरी), 9 जून

ताई, आधी त्या अडीचच्या पोस्टबद्दल. टूल बिघडलेलं नव्हतं, त्याचं घड्याळ परदेशी वेळेवर होतं. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहोत. रात्री 9 मध्ये साडेपाच तास मिळवा, बरोबर पहाटे अडीच होतात. सेटिंगमध्ये टाइम झोन कोलकाता किंवा भारत करा. कुठलंही टूल घेतलं की हे काम आधी करायचं.

मी हापूसच्या पेट्या थेट घरी पाठवतो. चार सीझन मेटा बिझनेस सूट (फेसबुकच्याच कंपनीचं टूल) वापरतोय. ते फुकट आहे, आणि फेसबुक पेज व इन्स्टाग्राम दोन्हीकडे एकाच ठिकाणाहून पोस्ट, स्टोरी, रील लावता येतं. इन्स्टाग्रामचं खातं प्रोफेशनल करून घ्या म्हणजे खुद्द ॲपमध्येही 75 दिवस पुढची पोस्ट लावता येते. बाहेरचंच टूल हवं असेल तर बफरची फुकट योजना आहे, तीन खाती आणि प्रत्येकी दहा पोस्ट रांगेत. चार खोल्यांच्या घराला तेवढं पुरतं. हूटसूटची फुकट योजना 2023 मध्ये बंद झाली, जुने लेख वाचून तिकडे जाऊ नका.

लाईटचं म्हणाल तर निर्धास्त राहा. एकदा लावलेली पोस्ट त्यांच्या सर्व्हरवरून जाते, तुमचा फोन बंद असला तरी चालतं. मात्र काही टूलं ठरावीक पोस्टसाठी फक्त आठवण पाठवतात आणि शेवटचं बटण तुम्हाला दाबावं लागतं. तिथे रेंज लागणारच. इन्स्टाग्रामच्या संग्रहातलं गाणं रीलला लावायचं असलं की बहुतेक हाच रस्ता घ्यावा लागतो. मी तर गाणं लावतच नाही. बागेतला आवाज, पेटीत पेंढा भरतानाचा आवाज, तो आहे तसा ठेवतो.

व्हॉट्सॲप स्टेटस आधी लावायची सोय ॲपमध्ये नाही. बाहेरची ॲपं "आम्ही करून देतो" म्हणतात, पण ती फोनचा पूर्ण ताबा मागतात आणि नंबर बंद होण्याची भीती असते. ज्या नंबरवर तुमचं बुकिंग येतं तो नंबर असा पणाला लावू नका. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये स्वागताचा आणि "आत्ता उपलब्ध नाही"चा निरोप लावता येतो, या दुसऱ्या निरोपाची वेळही ठरवता येते. मेमध्ये दुपारी 12 ते 3 मी तो लावून ठेवतो. फेसबुक ग्रुपचंही सांगून ठेवतो: बाहेरच्या टूलमधून ग्रुपमध्ये पोस्ट पाठवायची सोय मेटाने 2024 मध्ये काढून टाकली, तिथे हातानेच टाकायचं.

आणि पासवर्ड कुणालाही लिहून द्यायचा नाही. चांगलं टूल तुम्हाला फेसबुकच्याच पानावर नेऊन परवानगी घेतं.

लोकांना कमी दिसतं का? मला तरी फरक जाणवला नाही. फरक पडतो तो पोस्ट गेल्यावर प्रश्नांना उत्तर द्यायला कुणी आहे की नाही याने. म्हणून मी रात्री साडेनऊची वेळ धरतो, तेव्हा मी जेवून मोकळा असतो.

देवबागकर, 10 जून

बाये, टूलाचा ह्यांनी सांगल्यानी, मी क्यालेंडराचा सांगतंय. रेल्वेचा आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडता, पयला 120 होता. मुंबयचो माणूस दिवाळेक येवचो असलो तर तो दोन म्हयने आधी तिकीट काढता आणि तेच्या आधी ऱ्हवाची जागा बघता. तुझो फोटो तेका तेवा दिसाक व्हयो. सुट्टी लागल्यार टाकून काय उपेग?

दुसरा, 26 मे ते 31 ऑगस्ट आपल्याकडे पाण्यातले खेळ आणि किल्ल्याच्यो होडयो बंद. जुलयत तुझ्या रांगेतसून स्कूबाचो फोटो भायर पडलो तर लोक फोन करतले, आणि नाय म्हणून सांगूची पाळी तुझ्यार येतली.

आणि आंगणेवाडीची जत्रा. तेची तारीख देवीचो कौल घेवन ठरता, खयच्याच क्यालेंडरात आधी नाय. ती जागा रिकामी ठेव.

गुहागरची सून, 11 जून

देवबागकरांनी जुलैचं सांगितलं, त्याच्या पुढचं मी सांगते. हे लिहायला मला जड जातंय, पण तुम्ही आता सुरुवात करताय म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मी रविवारी बसून अख्ख्या महिन्याच्या पोस्ट लावल्या होत्या. फार बरं वाटलं होतं, डोक्यावरचं ओझं गेल्यासारखं. त्यातलं एक रील उंच लाटांचं होतं आणि खाली मी लिहिलं होतं, "समुद्र बोलावतोय, येताय ना?"

ते रील ज्या दिवशी जायचं होतं, त्या सकाळी आमच्या किनाऱ्यावर कॉलेजच्या मुलांमधला एक मुलगा पाण्यात ओढला गेला. गावातली माणसं दोर घेऊन धावली, माझ्या दिराने होडी घातली. मी त्याच्या मित्रांसाठी चहा घेऊन वाळूत उभी होते. अकरा वाजता माझा फोन वाजायला लागला, थांबेचना. माझ्या शेजारी बसलेल्या पोराने त्याच्या फोनवर तेच रील उघडलेलं मला दिसलं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तो काहीच बोलला नाही.

रील काढताना बोटं थरथरत होती, दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मुलगा दुसऱ्या दिवशी सापडला.

तेव्हापासून मी रांगेत घालायच्या पोस्टमध्ये समुद्रात बोलावणारं एकही वाक्य ठेवत नाही. पावसाळ्यात तर फक्त स्वयंपाकघर, शेत, अंगण. सकाळी दार उघडलं की आधी समुद्र बघते, मग हवामान खात्याचा इशारा, मग आजची आणि उद्याची रांग. चिपळूणला माझी नणंद असते, तिला पेजवर अधिकार देऊन ठेवलेत. आमच्याकडे रेंज गेली तर मी शेजारच्या लँडलाइनवरून तिला सांगते आणि ती सगळं थांबवते. असं एक माणूस गावाबाहेर हवंच, ताई. पोस्ट तुमच्या लाईटशिवाय जाते हे खरं, पण मग लाईट नसताना ती थांबवताही येत नाही.

माडाखालची, 28 सप्टेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. गुहागरच्या ताई, तुमचं वाचून त्या रात्री झोप आली नाही. मी लावून ठेवलेल्या सहा पोस्ट दुसऱ्या दिवशी काढून परत लिहिल्या. ठाण्याच्या भावाला पेजवर घेतलंय.

टाइम झोन बदलला आणि बिझनेस सूटच ठेवलं. एक जुनी वही घेऊन मध्ये रेघ मारली. डावीकडे "कधीही चालेल", उजवीकडे "त्याच दिवशी". आमसुलं कशी होतात ते पाच फोटोंमध्ये, सासूबाईंचं कुळथाचं पिठलं, खोलीचे दर, मालवणहून कसं यायचं, हे सगळं डावीकडे. उजवीकडे मासळी, समुद्र आणि जत्रा. डावीकडचं लाईट असेल त्या सोमवारी बसून लावते. भाट्याकाठच्या दादांनी सांगितलं तसा पिठल्याच्या रीलला फोडणीचाच आवाज ठेवला. दिवाळीच्या आरक्षणाआधी खोल्यांची पोस्ट गेली, तीन कुटुंबांनी आगाऊ पैसे पाठवून खोल्या ठरवल्या.

एक गोष्ट तर मनात नव्हतीच. परवा किनाऱ्यावर रापण लागली. एरवी मी "आज काहीच टाकलं नाही" या विचारात मागे स्वयंपाकघरात असते. परवाची पोस्ट आधीच लागलेली होती, तर मी सरळ खाली गेले आणि दोर धरला. ओला काथ्या तळव्याला काचत होता, पाठीमागे म्हातारे "हय्या" म्हणत होते. जाळं उथळ पाण्यात आलं तेव्हा तारली नुसती चांदीसारखी उसळत होती. पुतण्याने तिथूनच व्हिडिओ टाकला. गाणं नाही, लिहिलेलं काही नाही.

देवबागकर काका, जत्रेचा मजकूर लिहून मसुद्यात ठेवलाय. तारखेची जागा कोरी आहे. कौल लागला की भरते.