मदत हवी आहे: मसरूर, कांगडा (हिमाचल)

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरअखेर आईला घेऊन धरमशालेला जातोय. तिथून मसरूरचं शैलमंदिर बघायचंच आहे. साधारण आठव्या शतकातलं, एकाच वालुकाश्माच्या कड्यातून कोरलेलं, नागर (उत्तर भारतीय) शैलीच्या शिखरांचं मंदिरसंकुल. वेरूळचं कैलास लेणं मनात घर करून असल्यामुळे याची फार ओढ आहे. तिथला टणक बेसाल्ट टिकला, इथला दगड ठिसूळ. त्यात १९०५ च्या कांगडा भूकंपानं बरंच पाडलं. गाभाऱ्यात आज राम-लक्ष्मण-सीता आहेत, पण दारावरच्या ललाटपट्टीवर शिव कोरलेला आहे. हे मला नीट बघायचंय, नुसतं फोटोपुरतं नाही.

मंदिर ईशान्याभिमुख आहे, म्हणजे कोरीवकामावर ऊन सकाळीच येत असणार. मग धरमशालेहून पहाटे निघावं की जवळपास कुठे मुक्कामाची बरी सोय आहे? आईचे गुडघे दुखतात. वरच्या मजल्यावर जाणारा दगडी जिना तिला जमेल का, आणि तो सध्या खुला असतो का? समोरच्या तळ्यात मंदिराचं प्रतिबिंब पडतं, तेवढं खालून निवांत बसून पाहता आलं तरी ती खूश होईल. मूर्तिशास्त्र जाणणारा स्थानिक वाटाड्या कुणाला मिळाला होता का? अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.