पाद्री लग्न कसं करेल? (मिस्टर कॉलिन्सपुरता प्रश्न)

अनुवादवही: जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) कॉलिन्स नायिका एलिझाबेथ बेनेटला मागणी घालताना लग्नाची कारणं ओळीने सांगतो. पहिलंच कारण असं की सुस्थितीतल्या क्लर्जीमनने (चर्चच्या धर्मगुरूने) लग्न करून पॅरिशला, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या लोकांना, उदाहरण घालून द्यावं. इथे ‘पाद्री’ लिहिलं की वाचक अडखळतो. दुसरा शब्द सुचवा.

वसईकर: अडखळणारच. पाद्री म्हणजे आमच्याकडे कॅथलिक, ब्रह्मचारी. कॉलिन्स चर्च ऑफ इंग्लंडचा, तिथे लग्नाची मुभा सोळाव्या शतकातली. मराठी प्रोटेस्टंट ‘पाळक’ म्हणतात आणि पाळक संसारी असतो.

मोडीवाचक: पाळकात त्याचा हुद्दा हरवतो. तो रेक्टर आहे. पॅरिशच्या धर्मगुरूंत रेक्टरचा हुद्दा वरचा, व्हिकारचा त्याखालचा. रेक्टरला दोन्ही दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) मिळत: धान्य-गवताचा मोठा आणि अंडी-फळांसारख्या किरकोळ उत्पन्नाचा लहान. व्हिकारला सहसा लहानच. वर राहायला घर, चर्चची जमीन. खरी अडचण या ‘लिव्हिंग’ची, म्हणजे पदासोबत येणाऱ्या घर-उत्पन्नाची आहे. मी ‘वतन’ म्हणेन.

रेघोटी: वतन अजिबात नको! वतन मुलाकडे जातं, लिव्हिंग तहहयात असतं. कॉलिन्सला वारसाने मिळणार आहे ते लाँगबोर्न, बेनेटांची इस्टेट. हंसफर्डचं लिव्हिंग मिळालंय लेडी कॅथरीन या तिथल्या बड्या जमीनदारणीच्या मर्जीने. दोन्हींना एकच शब्द लावला तर शार्लटचा, म्हणजे एलिझाबेथच्या नकारानंतर कॉलिन्सशी लग्न करणाऱ्या तिच्या मैत्रिणीचा, होकार कळणार नाही. तिला आज हंसफर्डचं घर मिळतंय, पुढे लाँगबोर्न.

मोडीवाचक: मग ‘वृत्ती’. जोशीवृत्ती, कुलकर्णवृत्ती.

रेघोटी: त्याही वंशपरंपरागतच.

शुद्धमती: पाद्री पोर्तुगीज, वतन अरबी. ‘धर्मोपदेशक’ आणि ‘निर्वाहवृत्ती’ असे स्वच्छ शब्द असताना उसनवारी कशाला?

वसईकर: चावी आणि बटाटाही पोर्तुगीजच, ते कोणी परत करत नाही. धर्मोपदेशक तर प्रवचन देणारा कोणीही असू शकतो.

अनुवादवही: तिसऱ्या कारणात ‘पॅट्रनेस’ म्हणून लेडी कॅथरीन येते, तिचाच सल्ला म्हणून लग्न. ‘यजमानीण’ लिहू?

मोडीवाचक: लिहा. भिक्षुक-यजमान नातं वाचकाला लगेच कळेल.

रेघोटी: चुकीचं कळेल. यजमान भटजी बदलू शकतो. लेडी कॅथरीन फक्त नाव सुचवू शकते. बिशपने एकदा रुजू केलं की तिला कॉलिन्सला काढता येत नाही. तरीही तो तिच्यापुढे वाकतो, सगळं पात्र त्यावर उभं आहे. यजमानीण म्हटलंत तर ते वाकणं पोटासाठीचं वाटेल. ‘आश्रयदाती’च ठेवा.

मोडीवाचक: आश्रयदात्यापुढेही माणूस पोटासाठीच वाकतो की.