चिनी रेशमी पटावरची लाल वटवाघळे: विणकाम की भरतकाम?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)
नमस्कार. माझ्या आत्याबाईंच्या दिवाणखान्यात दोन काचांमध्ये बसवलेला एक जुना चिनी रेशमी तुकडा आहे. गडद निळ्या रंगावर ढग, त्यांत लाल वटवाघळे आणि मधोमध सोनेरी ड्रॅगन. वाघूळ घरात शिरले तर आपल्याकडे अपशकुन मानतात. मग राजदरबारी वस्त्रावर ते इतक्या हौसेने का आणले असेल? शिवाय हे भरतकाम की विणकाम, हे काच न उघडता ओळखता येईल का?

प्रतिसाद (रावपुरा)
पैठणीचा पदर ज्यांनी निरखून पाहिला आहे, त्यांना हे पटकन उमगेल. चीनमध्ये या विणीला 'केसी' म्हणतात. तिच्यात आडवा धागा कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे हा आडवा धागा, आपल्या छोट्या धोट्यावर असतो आणि आपल्या रंगाची हद्द आली की तिथूनच मागे वळतो. पैठणीत शेजारचे दोन रंग बहुधा एकमेकांत अडकवतात, केसीत मात्र रंगांची कड जिथे उभ्या धाग्याला समांतर जाते तिथे बारीक फट राहते. तुकडा उजेडासमोर धरा: कडांवर सुरीने चिरल्यासारख्या रेषा दिसल्या तर ते विणकाम. भरतकामात टाके मूळ कापडाच्या वर उठून दिसतात.

प्रतिसाद (कारेलीबाग)
वाघळाचे उत्तर उच्चारात आहे. चिनीत वटवाघळाच्या नावातला 'फू' आणि सौभाग्य या अर्थाचा 'फू' कानाला सारखेच लागतात. लाल वाघूळ म्हणजे 'होंगफू', अर्थात अपार भाग्य. ड्रॅगनची पाच नखे मोजाच, पण तेवढ्यावरून वस्त्र बादशहाचे ठरत नाही, कारण चीनच्या चिंग राजघराण्याच्या उत्तरार्धात तशी वस्त्रे इतरही वापरू लागले होते. १७५९ साली चियेनलोंग बादशहाच्या काळात दरबारी पोशाखाचे नियम सचित्र मांडले गेले. सूर्य, चंद्र, तारे, पर्वत, कुऱ्हाड, धान्य अशी बारा चिन्हे बादशहाच्या पोशाखाची खूण. त्याच्या झग्यावर नऊ ड्रॅगन असत, आणि नववा पुढच्या पदराखाली झाकलेला असे. मला सगळ्या योजनेत हा न दिसणारा ड्रॅगनच सर्वांत मोलाचा वाटतो.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी खिडकीपाशी धरून पाहिले. वाघळाच्या पंखाच्या कडेला केसाएवढी फट आहे आणि तिच्यातून उजेड येतो. मागच्या बाजूनेही तेच वाघूळ आहे, फक्त तोंड उलट दिशेला. नखे पाच आहेत. सूर्य-चंद्र मात्र कुठेच सापडले नाहीत. रेशमाला ऊन सोसत नाही, म्हणून चौकट आता उन्हाच्या भिंतीवरून काढून आतल्या खोलीत टांगली आहे.